नऊ इंचांचा समुद्र

सदाशिव पेठेतली ती खोली मला माझ्या हातांमुळे मिळाली. हातगुण वगैरे नव्हे, हातांची लांबी.

त्याआधी सहा जागा पाहून झाल्या होत्या, त्यामुळे घरमालकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं मला पाठ होती. गाव अमरावती. नोकरी आयटीत, टेस्टिंगला, बरेचसे दिवस घरूनच. मासे-मटण खाते, पण खोलीत आणणार नाही. लग्नाचं घरचे बघतायत. एवढं सगळं ओठांवर घेऊन मी पहिल्या मजल्यावरची बेल दाबली. सत्तरीच्या, ठेंगण्या, तुळतुळीत दाढी केलेल्या एका गृहस्थांनी दार उघडलं आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता खांद्यापासून खाली बघितलं.

"हात," ते म्हणाले.

मला वाटलं, ज्योतिषी असावेत. मी तळवा पुढे केला.

"तळव्याचं काय करू? तुमचं लग्न मला ठरवायचं नाहीये. हात समोर ताठ करा." त्यांनी लाकडी फूटपट्टी आणली आणि कापडाच्या दुकानातल्यासारखी हवेतच माझ्या हाताशेजारी दोनदा सरकवली. "सव्वादोन फूट. बांगडी कितीची घालता?"

"दोन-दोनची."

"जागा तुमची. दर रविवारी सकाळी नऊला वर यायचं. हाताला साबण नको, क्रीम नको."

माझ्या या हातांनी मला तोवर काहीही मिळवून दिलं नव्हतं. शाळेत त्यांना काड्या म्हणत. आई म्हणायची, "हात हायेत का तुराट्या?" आणि इथे एक माणूस त्यांच्यावर खूश होऊन चक्क किल्ली देत होता. मी मागेपुढे न बघता ती घेतली.

त्यांना सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची. ते दातांचे डॉक्टर होते, निवृत्त. मला त्यांनी माझ्या नावाने कधीही हाक मारली नाही. मी 'अमरावती'. माझ्याआधीचा भाडेकरू 'सोलापूर' होता. तो का गेला, असं मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माणूस सज्जन होता. मनगट जाड होतं."

मला मिळालेली तळमजल्यावरची खोली म्हणजे त्यांचा जुना दवाखाना. करारात एकच विचित्र अट होती: खुर्ची काढायची नाही. खोलीच्या मध्यभागी दात काढायची ती खुर्ची जमिनीत बोल्टने घट्ट बसवलेली होती. शेजारी थुंकायचं भांडं, डोक्यावर दिवा. टेबल ठेवायला जागाच उरली नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी त्या खुर्चीत बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन नोकरी करू लागले. पायाने खटका दाबला की खुर्ची वर जायची. व्हिडिओवर मला पाहून आमचा टीम लीड पहिल्या आठवड्यात तीनदा म्हणाला, "अगं, आज पण डेंटिस्टकडे? काम राहू दे, टेक केअर." मी त्याचा गैरसमज दूर करायची घाई केली नाही. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती मात्र हादरली. "बाप्पा! दातायच्या डॉक्टरच्या खुर्चीवर बसून काम करतं का वं तू? तिथं किती लोकं रडले असतील!"

रडलेच असणार. गल्लीतल्या जुन्या पेशंटांकडून डॉक्टरांचं एक वाक्य मी पुष्कळदा ऐकलं. खुर्ची मागे झुकवली, दिवा तोंडावर आणला, की ते म्हणायचे, "दुखलं तर सांगा. मी थांबणार नाही, पण सांगा." समोरचा वाणी हे वाक्य सांगताना अजूनही गालाला हात लावायचा.

आता रविवारचं सांगते. डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीत, शेजारच्या फ्लॅटला लागून असलेल्या भिंतीत, एका दाराच्या चौकटीत फिशटँक होता. साधा नव्हे, खाऱ्या पाण्याचा. दाराच्या रुंदीएवढा लांब, म्हणजे तीन फूट. दोन फूट उंच. आणि भिंतीच्या जाडीएवढा रुंद, म्हणजे नऊ इंच. खाली विटांचा कट्टा, वर प्लायवूडचं झाकण, आणि झाकणाच्या वरची चौकटही पलीकडून प्लायवूड ठोकून बंद केलेली. समोरून बघावं तर समुद्र, वरून बघावं तर वह्या ठेवायचा खण. त्या नऊ इंचांत हात घालून तळाशी दगड रचायचे तर हात लांबही हवा आणि बारीकही हवा. म्हणून फूटपट्टी, म्हणून बांगडीचा नंबर.

ते दगड जिवंत होते. मला आधी ती थट्टा वाटली. डॉक्टरांनी मला पहिल्या रविवारी अर्धा तास शिकवलं. समुद्रातून दगड उचलून आणायला कायद्याने बंदी. आणि ती नसती तरी त्यांनी आणला नसता. मग बाजारातून कोरडा, भोकाभोकांचा दगड आणायचा, मीठ कालवलेल्या पाण्याच्या पिंपात बुडवायचा आणि कुणाच्या तरी चालत्या टँकमधला एक मुठीएवढा जुना दगड त्यात सोडायचा. त्या जुन्या दगडातले डोळ्यांना न दिसणारे जीव हळूहळू नव्या दगडात राहायला जातात आणि मग माशांची सगळी घाण तेच पचवतात. कोथरूडच्या एका गृहस्थांकडून त्यांनी असा दगड मागून आणला होता. "हे विरजण," ते म्हणाले. "दुधाला एक रात्र पुरते. दगडाला चार महिने लागतात. दगडच तो." ते चार महिने त्यांनी रोज पिंपाचं झाकण उघडून वास घेतला होता म्हणे.

रचायची पद्धत पूर्ण दवाखान्याची. ते स्टुलावर बसत, हातात दात तपासायचा छोटा आरसा. मी उभी, बाही खांद्यापर्यंत वर, हात पाण्यात. प्रत्येक दगडाला नाव. पुढचे चपटे ते पटाशीचे, दोन टोकदार ते सुळे, बुडाचे बसके त्या दाढा.

"सुळा अर्धा सूत डावीकडे. अर्धा म्हटलं, अमरावती. तुमच्याकडे सूत मोठं असतं का?"

मी सरकवायची.

"आता हिरडीवर टेकवा." हिरडी म्हणजे वाळू. "वाळूवर नाही, वाळूच्या खाली. मुळं हाडाला टेकली पाहिजेत. मासा वाळू उकरतो, आणि मग अख्खी बत्तीशी खाली येते."

सगळं मनासारखं झालं की परीक्षा. खराट्याची एक धुतलेली काडी त्यांनी जपून ठेवली होती. ती कुठल्याही दोन दगडांच्या फटीतून आरपार गेली पाहिजे, हा नियम. काडी गेली म्हणजे पाणी जाईल. पाणी गेलं नाही तर घाण अडकेल, कुजेल आणि आधी तिथला दगड मरेल, मग बाकीचे. "लोकांना वाटतं, कीड दाताला लागते," ते म्हणत. "कीड फटीत अडकलेल्या घासाला लागते. दात बिचारा शेजारी असतो." काडी अडली की पुन्हा पहिल्यापासून. एका रविवारी मी नऊला पाण्यात घातलेला हात पावणेबाराला बाहेर काढला तेव्हा माझी बोटं भिजलेल्या मनुकांसारखी झाली होती. डॉक्टरांनी ती पाहिली आणि म्हणाले, "चहा घेऊ."

हा चहा म्हणजे अर्धा कप. पुण्याबद्दल आमच्याकडे जे काही बोललं जातं ते मी ऐकून होते, त्यामुळे पहिल्यांदा तो अर्धा कप पाहून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! ऐकीव गोष्ट खरी निघाल्याचा आनंद असतो तो. संध्याकाळी आईला फोन करून मी रंगवून सांगितलं. आमच्याकडे पाहुण्याला बशीत सांडेपर्यंत चहा देतात. इथे स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपातही माणूस अर्धाच ओततो, कपाळ! आई हसून हसून बेजार झाली. ऑफिसातही मी ही गोष्ट खूप खपवली.

टँकमध्ये केशरी रंगाचे दोन मासे होते, थोडी मऊ पोवळी होती आणि एक कोळंबी होती. डॉक्टरांचा जीव कोळंबीवर. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांब पांढऱ्या मिशांची. ती एका दगडाच्या टोकावर बसून राही आणि मासे तिच्यापुढे जाऊन आ करत. मग ती त्यांच्या तोंडात शिरून साफसफाई करी. "आमच्या धंद्यातली आहे," डॉक्टर कौतुकाने म्हणत. "अपॉइंटमेंट नाही, उपदेश नाही. बघा, बघा, मागच्या दाढेपर्यंत जाते." माझा हात पाण्यात गेला की ती माझ्या नखांवर चढायची. आयुष्यात माझं मॅनिक्युअर तेवढंच झालं.

आता त्या चौकटीचं. दार होतं तिथे टँक आला कसा?

पलीकडच्या फ्लॅटमध्ये आक्का राहायच्या. डॉक्टरांच्या सख्ख्या थोरल्या बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. जुनं घर पाडून इमारत झाली तेव्हा दोघांनी शेजारशेजारचे फ्लॅट घेतले आणि मधल्या भिंतीत मुद्दाम दार ठेवून घेतलं. ते दार कधी लागायचं नाही, असं म्हणतात. डॉक्टरांच्या पत्नी गेल्यावर तर दोन घरांचं एकच घर झालं होतं. आणि मग अकरा वर्षांपूर्वी दोघांचं बोलणं बंद झालं. डॉक्टरांनी दार काढून टाकलं. विटा का नाही लावल्या, असं मी विचारलं.

"विटा लावल्या असत्या तर लोक म्हणाले असते, भांडण झालं," डॉक्टर म्हणाले. "टँक लावला तर म्हणतात, छंद आहे."

काचेला दोन बाजू असतात, हा मात्र त्यांना नंतर आलेला विचार असावा. कारण टँकचा मागचा भाग थेट आक्कांच्या घरात उघडत होता. तिथे त्यांचा भाजी निवडायचा पाट होता, त्यांची वेताची खुर्ची होती. काचेला कागद चिकटवायचा तर तो आक्कांच्या घरात जाऊन चिकटवायला हवा. म्हणून डॉक्टरांनी दगडच असे रचले की ऐन मध्यात, आक्कांच्या खुर्चीसमोर, एक भला थोरला दगड तळापासून पाण्याच्या वरच्या रेघेपर्यंत उभा राहिला. दोन्ही बाजूंना काचेपासून फक्त दोन बोटं सुटलेली. शेजारच्या दाढांना तो असा चिकटला होता की आरपार काही दिसायचं नाही. त्याचं नाव अक्कलदाढ. सगळ्या टँकला काडीचा नियम, अक्कलदाढेला नाही.

"तिथे काडी नको," मी पहिल्यांदा तिकडे वळले तेव्हा ते म्हणाले. "तिथलं हाडात आहे."

भांडणाचं कारण मला डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं. एका भाच्याची मुंज होती, स्वारगेटजवळच्या एका कार्यालयात. पंगतीत आक्का समोरच्या रांगेत होत्या. डॉक्टरांनी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावता लावता वर पाहिलं आणि आक्का त्यांच्याकडे बघून हसल्या.

"वरचे दात नवे होते," डॉक्टर म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज अकरा वर्षांनीही ताजा होता. "पूर्ण कवळी. आणि ती माझी नव्हती. इतके पांढरे दात माझ्या हातून होणार नाहीत. रेडिओवरच्या बातम्या वाचल्यासारखे एका ओळीत! मी नारायण पेठेतल्या माणसाचं काम दहा फुटांवरून ओळखतो. सख्खा भाऊ दातांचा डॉक्टर, आणि बहीण कवळी बाहेर करून घेते. लोक काय म्हणाले असतील?"

"काय म्हणाले?"

"काही नाही. जिलबी खात होते." ते म्हणाले. "मी जिलबी न खाता उठलो."

त्यानंतर दोन महिन्यांत त्यांनी दवाखाना बंद केला. ज्याची बहीणच दुसरीकडे जाते त्याच्याकडे परक्याने का यावं, असं ते मला म्हणाले. मी ऐकलं, खाली आले आणि खुर्चीत बसून खूप हसले. एका कवळीवरून अकरा वर्षं! हे फक्त पुण्यातच होऊ शकतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आक्का मला आवडायच्या. एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून जोडून त्यांना मधल्या माणसामार्फत बोलायची सवय होती आणि आता मधला माणूस मी होते. "त्याला सांग, माझ्या बाजूने शेवाळ धरलंय." मी जिना न चढता, नुसती पंधरा पावलं टाकून शेजारच्या दारात जाऊन सांगायची. "तिला सांगा, तिकडून ऊन येतं. पडदा लाव म्हणावं." मी परत पंधरा पावलं. आक्का म्हणायच्या, "पडदा लावला तर मला मासे कसे दिसतील? हे नको सांगूस." खरं तर त्यांना मासे फारसे दिसायचेच नाहीत. दिसायची ती अक्कलदाढेची पाठ. तरी त्या रोज सकाळी आपल्या बाजूची काच ओल्या फडक्याने पुसायच्या आणि त्या दगडासमोर बसून गवार मोडायच्या.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, टँकमधून वास यायला लागला. नासक्या अंड्याचा. पाण्यावर तवंग आला, वाळूवर तपकिरी चिकट साय धरली. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले आणि कोळंबी दिसेनाशी झाली. डॉक्टरांनी काय नाही केलं! आम्ही दिवसाआड बादल्या भरून पाणी बदललं. पंप हलवला. प्रत्येक दाढ, प्रत्येक सुळा उचलून धुतला आणि पुन्हा बसवला. अक्कलदाढेला मात्र हात लावू दिला नाही. वास तिच्याच बुडाशी होता, हे माझ्या नाकाला कळत होतं. अडतीस वर्षं तोंडं हुंगलेल्या नाकाला कळलं नसेल असं होणार नाही.

आठवडाभराने आक्कांनी मला हाक मारली. स्वयंपाकघरात बसवलं आणि पुढ्यात चहा ठेवला. कप काठोकाठ भरलेला होता.

"कोळंबी माझ्या बाजूच्या कोपऱ्यात आहे," त्या म्हणाल्या. "मिशा हलतायत अजून. त्याला सांग, मधला दगड काढ."

"ऐकत नाहीत, आक्का. त्यांना वाटतं, तुमचं तोंड दिसेल."

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी वरची कवळी जिभेने सारखी केली.

"तुला त्याने कवळीचं सांगितलं असेल. मुंजीतलं. जिलबीपर्यंत?"

"हो."

"त्याच्या आधीचं मी सांगते. त्या वर्षी माझे वरचे उरलेले दात काढायचे होते. मी खाली त्याच्या खुर्चीत बसले होते. त्याने आरसा तोंडात घातला आणि तो माझ्या दातांवर वाजायला लागला. टकटक, टकटक. त्याचा हात कापत होता. त्याने आरसा काढला, म्हणाला, आज पंखा फार आहे, उद्या बघू. पंखा बंद होता गं." त्यांनी आपल्या कपाकडे पाहिलं. "पेशंटांना कळायच्या आधी मला कळलं. आता हे त्याला सांगणार कोण? मी म्हटलं, आपणच दुसरीकडे जाऊ, त्याच्यावर वेळच येऊ नये. गुपचूप गेले. हसायला नको होतं मुंजीत. पण नवे दात होते, हसले."

मी माझा काठोकाठ कप सांभाळून उचलला.

"तो चहा अर्धा कप का पितो, तुला काय वाटतं?" आक्कांनी विचारलं.

मला काय वाटत होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. पूर्ण भरलेला कप त्या हातात सांडला असता, म्हणून अर्धा. आपला एकट्याचा अर्धा दिसू नये, म्हणून पाहुण्यांनाही अर्धा. आणि मी तो विनोद अमरावतीपर्यंत पोचवला होता. सोलापूरचं जाड मनगट, माझी दोन-दोनची बांगडी, हे सगळं खरं होतंच. पण नऊ इंचांच्या त्या फटीत डॉक्टरांचा स्वतःचा हात का जात नाही, हे मी दीड वर्ष विचारलंही नव्हतं. मला माझी फार लाज वाटली. तो भरलेला कप मी कसाबसा संपवला.

रविवारी नऊ वाजता मी वर गेले. केशरी माशांपैकी एक आडवा होऊन पंपाजवळ तरंगत होता, जिवंत होता, पण जेमतेम. डॉक्टर स्टुलावर बसले. मी बाही वर केली, काडी घेतली आणि सरळ मध्यात गेले.

"तिथे नको," ते म्हणाले.

"डॉक्टर, काडी जात नाहीये."

"माहितीये मला."

"तुमचाच नियम आहे."

"मला माझे नियम सांगू नका, अमरावती."

"मग तुम्हीच बघा," मी म्हणाले आणि ओली काडी त्यांच्यापुढे धरली. मी त्यांना आजवर उलटून बोलले नव्हते, आणि काय करतेय ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काडी घेतली, स्टुलावर उभे राहिले आणि वरून पाण्यात घातली. ती अक्कलदाढेच्या आणि शेजारच्या दाढेच्या मधे टेकली, आणि काचेवर वाजायला लागली. टकटक, टकटक. सगळ्या खोलीत तेवढाच आवाज. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. आवाज वाढला, कारण तोही हात तसाच होता.

पलीकडून वेताची खुर्ची करकरली. डॉक्टर काडी तशीच धरून उभे राहिले. मला वाटलं, आता ते मला जागा सोडायला सांगतील.

"काढा," ते म्हणाले.

"काय?"

"अक्कलदाढ काढा. ओढू नका. आधी हलवा, मोकळी करा, मग वर. दुखलं तर..." ते वाक्य सवयीने सुरू झालं होतं, ते त्यांनी अर्धवट सोडून दिलं.

मी दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले. ती हलेना. मग एकदम सुटली आणि तिच्या बुडाखालून काळं, घाणेरडं असं काही उसळलं की सगळा टँक शाईच्या बाटलीसारखा झाला. वास असा की मी तोंड फिरवलं. दगड बादलीत ठेवला. त्याचं बूड काळं ठिक्कर पडलं होतं. डॉक्टरांनी ते आरशाने पाहिलं. "मेलीये," ते म्हणाले. "अर्धी तरी मेलीये." मग आम्ही पाणी बदललं, पंप सोडला आणि समोर बसून राहिलो. चहाची आठवण दोघांनाही झाली नाही.

पाणी निवळायला तास गेला. आधी सुळे दिसले, मग दाढा, मग मधली मोकळी जागा. आणि त्या जागेतून, पलीकडच्या काचेला नाक लावून बसलेल्या आक्का. हातात गवारीची शेंग. कोळंबी कोपऱ्यातून निघून मोकळ्या वाटेने डुलत डुलत अलीकडे आली. तिला बघून आक्का हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या वरच्या कवळीने टुणकन खाली उडी मारली. त्यांनी ती घाईने ओठांनी झेलली.

डॉक्टर पुढे सरकले. डोळे बारीक केले.

"वरची सैल झालीये," ते म्हणाले.

हे अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य. प्लायवूडच्या फटीतून पलीकडे ते स्वच्छ ऐकू गेलं.

"अकरा वर्षं झाली. होणारच," आक्का तिकडून म्हणाल्या.

"हिरडी झिजते. दर दोन वर्षांनी दाखवायला हवं होतं."

"कुणाला?"

डॉक्टर आरसा रुमालाने पुसत राहिले. मी उठून जायच्या बेतात होते.

"खाली ये," शेवटी ते म्हणाले. "आत नवा थर द्यावा लागेल."

"आणि हात?" आक्कांनी विचारलं. अगदी सरळ विचारलं.

"कापतो."

"माहितीये."

"कधीपासून?"

"तुझ्या पंख्यापासून."

डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायला त्यांना दोन प्रयत्न लागले. "अमरावतीचा चांगला आहे," ते म्हणाले. "स्थिर आहे. अर्धा सूत समजायला लागलंय तिला."

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या चिठ्ठीप्रमाणे सामान आणलं. रविवारी नऊ वाजता माझ्या खोलीतला लॅपटॉप कॉटवर गेला आणि आक्का माझ्या ऑफिसच्या खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी खटका दाबून ती मागे झुकवली, दिवा ओढला. कवळी काढून माझ्या हातात दिली. अकरा वर्षांचं बोलायचं राहिलेलं होतं, आणि नेमक्या त्या वेळी आक्कांच्या तोंडात दात नव्हते. त्या नुसत्याच आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या.

मी गुलाबी भुकटी द्रवात कालवली. कवळीच्या आत पातळ थर पसरला. डॉक्टर माझ्या कोपराशी उभे, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले. "कडेला जास्त नको. टाळूला बेताचं. हं. आता आत घाला. सरळ. अर्धा सूत डावीकडे. दाबा."

मी दाबलं. आक्कांनी डोळे मिटून घेतले आणि खुर्चीचा हात पकडला. डॉक्टर त्यांच्या तोंडावर वाकले.

"दुखलं तर सांग," ते म्हणाले.

आक्कांनी एक डोळा उघडला. पुढचं वाक्य गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यांनाही. त्या वाट बघत राहिल्या.

"थांबेन," डॉक्टर म्हणाले.